समुद्र ओलांडणारी मुले आणि ज्ञातीचे कर्तव्य

(मंडळाच्या नाशिक येथील वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



‘परदेशातील उच्च शिक्षण आणि आपला समाज’ असा विषय कार्यकारी मंडळाने मला नेमून दिला. कोणत्या देशात कोणते विद्यालय चांगले, खर्च किती येतो, परवान्यासाठी कोणते कागद लागतात, एवढे सांगून मी खाली बसावे अशी चिटणीसांची अपेक्षा असावी. ती माहिती मी यथाशक्ती देणारच आहे. तथापि ज्ञातीच्या व्यासपीठावरून हा विषय मांडायचा तर ज्ञाती नामक संस्थेने परदेशी जाणाऱ्या विद्यार्थ्याशी आजवर कसा व्यवहार केला, हे प्रथम पाहिले पाहिजे. त्यासाठी आपणांस दूर जावयास नको. गोदाकाठापर्यंत गेले की पुरे.

१८९१ सालच्या उन्हाळ्यात विलायतेहून बॅरिस्टर होऊन आलेल्या एका एकवीस वर्षांच्या तरुणास त्याच्या वडील बंधूंनी मुंबईहून प्रथम आपल्या नाशकास आणले आणि गोदावरीत स्नान घातले. हा तरुण म्हणजे मोहनदास करमचंद गांधी. त्याचे स्नान पर्वकाळाच्या पुण्यासाठी नव्हते. समुद्र ओलांडल्याचा दोष धुऊन काढावा व ज्ञातीने त्याला पुन्हा पंक्तीत घ्यावे, यासाठी ते होते. पुढे राजकोटला ज्ञातिभोजनही घालण्यात आले. गांधींनी आत्मचरित्रात हे सारे मोकळेपणाने लिहिले आहे. त्यांना स्वतःला हे पटत नव्हते. वडील बंधूंची इच्छा आज्ञेसारखी मानून त्यांनी ते केले.

तीन वर्षांपूर्वी काय घडले होते, ते मुळातून पाहण्यासारखे आहे. १८८८ साली ते जहाजाची वाट पाहत मुंबईस असताना त्यांच्या मोढ वणिक ज्ञातीची सभा भरली. त्या ज्ञातीतून तोवर कोणी विलायतेस गेले नव्हते. ज्ञातीचे शेठ गांधींच्या वडिलांच्या स्नेहातले आणि लांबच्या नात्यातले होते. समुद्रयान धर्मास मान्य नाही, तिकडे धर्म सांभाळता येत नाही, असे त्यांनी बजावले. आईपुढे मद्य, मांस व परस्त्री वर्ज्य करण्याची शपथ घेतली आहे, असे मुलाने सांगितले. त्याचा उपयोग झाला नाही. तेव्हा ‘ज्ञातीने यात पडू नये,’ अशा आशयाचे उत्तर अठरा वर्षांच्या त्या लाजाळू मुलाने भर सभेत दिले. शेठ संतापले. मुलगा ज्ञातीबाहेर पडला. जो कोणी त्याला मदत करील अथवा धक्क्यावर निरोप द्यावयास जाईल, त्यास सव्वा रुपया दंड ठरला.

सव्वा रुपया ही रक्कम आज हास्यास्पद वाटते. परंतु तिचा परिणाम पाहा. प्रवासाचे पैसे मेहुण्याकडे ठेवलेले होते. ज्ञातीचा हुकूम झाला असता मी ते कसे देऊ, म्हणून मेहुण्याने हात आखडता घेतला. अखेर कुटुंबाच्या एका स्नेह्याने रक्कम उसनी दिली आणि ४ सप्टेंबर १८८८ रोजी गांधी जहाजात बसले. सख्ख्या बहिणीच्या नवऱ्याचा हात ज्ञातीच्या भयाने मागे राहिला आणि एका मित्राचा पुढे आला, हे लक्षात असू द्यावे. याचा मला पुढे पुन्हा उल्लेख करावयाचा आहे.

नाशिकच्या स्नानानंतरही ज्ञातीत दोन तट राहिले. एका तटाने त्यांना घेतले, दुसऱ्याने बहिष्कार चालूच ठेवला. बहिणीच्या व सासुरवाडीच्या घरी त्यांना पाणीदेखील घेता येत नसे. ती मंडळी गुपचूप देण्यास तयार होती. परंतु जे उघड करता येत नाही ते चोरून करावयाचे नाही, म्हणून गांधींनीच ते नाकारले.

येथे शास्त्राविषयी दोन शब्द बोलणे अप्रस्तुत होणार नाही. समुद्रप्रवासाचा निषेध कलिवर्ज्य प्रकरणात येतो. त्यातील वचनाचा कठोर अर्थ घेतला तर नौकेतून समुद्र ओलांडलेल्या द्विजाचा, त्याची शुद्धी झाली तरीही, संग्रह करू नये असे ते म्हणते. म्हणजे शब्दावरच बोट ठेवावयाचे तर नाशिकचे स्नानही निरर्थक होते! व्यवहारात मात्र स्नान, दान, ब्राह्मणभोजन आणि ज्ञातिभोजन एवढ्यावर प्रकरण मिटत असे. शास्त्राच्या नावाने ज्ञातीने अडवले आणि शास्त्राचा शब्द बाजूस सारून ज्ञातीनेच वाटही काढून दिली. अडवणे किंवा वाट देणे हे सर्वस्वी आपल्या हाती होते, एवढाच याचा अर्थ.

आपल्या महाराष्ट्रातील सर्वांत हृदयद्रावक उदाहरण आनंदीबाई जोशी यांचे. कल्याणात जन्मलेल्या या मुलीने १८८३ साली श्रीरामपूर येथे, म्हणजे बंगालमधील श्रीरामपूर बरे का, आपल्या जिल्ह्याशेजारचे नव्हे, जाहीर भाषण करून आपण अमेरिकेस का जात आहोत ते सांगितले. बहिष्काराच्या प्रश्नालाही त्यांनी तेथे उत्तर दिले: येथे जशी राहते तशीच तेथे राहीन, मग भय कशाचे? १८८६ च्या मार्चमध्ये फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयाची पदवी त्यांना मिळाली. कोल्हापूरच्या रुग्णालयात नेमणूकही झाली. परंतु क्षयाने शरीर पोखरले होते. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात, वयाची बावीस वर्षे पूर्ण होण्यापूर्वीच, त्या गेल्या. त्यांची ही कथा आपणां सर्वांच्या घरात सांगितली जाते, म्हणून मी येथे फार थांबत नाही. एकच सांगतो. परदेशी निघालेल्या मुलाच्या किंवा मुलीच्या प्रकृतीची चौकशी आपण गुणपत्रिकेइतक्या आस्थेने करीत नाही. दूरध्वनीवर ‘अभ्यास कसा चालला आहे?’ असे विचारतो. ‘जेवतोस काय, झोपतोस किती?’ हे फक्त आई विचारते.

आता आपल्या जिल्ह्याकडे पुन्हा येऊ. मालेगाव तालुक्यातील कवळाणे गावी ११ मार्च १८६३ रोजी जन्मलेला एक शेतकऱ्याचा मुलगा १८७५ साली बडोद्याच्या गादीवर दत्तक गेला. तेच सयाजीराव महाराज गायकवाड. त्यांनी स्वतः समुद्र ओलांडला आणि राज्याच्या खर्चाने इतरांनाही पाठविले. १९१३ साली भीमराव रामजी आंबेडकर नामक तरुणास न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी त्यांनी तीन वर्षांची शिष्यवृत्ती दिली. दरमहा साडेअकरा पौंड. त्या वेळचा पौंड पंधरा रुपयांचा. म्हणजे महिन्यास सुमारे पावणेदोनशे रुपये. अट अशी की परत आल्यावर दहा वर्षे बडोदे सरकारची नोकरी करावी.

या विद्यार्थ्याने परदेशात कसा अभ्यास केला, हे आपल्या प्रत्येक तरुणाने वाचावे. १९१५ साली कोलंबियाची एम.ए.; १९१६ साली लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये प्रवेश; १९१७ साली मुदत संपली म्हणून शिक्षण अर्धवट टाकून परत. करारान्वये ते बडोद्यास रुजू झाले. तेथे काय झाले? परदेशातील दोन नामांकित विद्यापीठांत शिकलेल्या या अधिकाऱ्यास गावात राहावयास खोली मिळेना. एका पारशी उतारशाळेत ते राहिले. जात कळताच तेथूनही त्यांना बाहेर काढण्यात आले. अल्पावधीतच त्यांना बडोदे सोडावे लागले.

पुढे मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी करून त्यांनी पैसे साठविले, कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी हातभार लावला आणि नवल भथेना या पारशी मित्राकडून पाच हजार रुपये उसने घेऊन १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. १९२३ साली त्यांना लंडन विद्यापीठाची डी.एस्सी. मिळाली. प्रबंधाचा विषय होता रुपयाचा प्रश्न. रुपयांत कर्ज काढून डॉलरमध्ये किंवा पौंडात शुल्क भरणाऱ्या आजच्या पालकास तो विषय निराळा समजावून सांगावयास नको.

आणि मग २ मार्च १९३०. याच नाशकात, येथून हाकेच्या अंतरावर, काळाराम मंदिराच्या प्रवेशासाठी त्यांनी सत्याग्रह आरंभिला. दादासाहेब गायकवाड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो पुढे काही वर्षे चालविला. दरवाजे उघडले नाहीत. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी आपल्याच जिल्ह्यातील येवल्यात, हिंदू म्हणून मरणार नाही, ही घोषणा त्यांनी केली.

बंधुभगिनींनो, एकाच गावातील या दोन गोष्टी मी शेजारीशेजारी ठेवीत आहे. १८९१ साली समुद्र ओलांडून आलेल्या एका विद्यार्थ्यास या गावातल्या एका स्नानाने ज्ञातीने, निदान तिच्या एका तटाने, परत घेतले. १९३० साली समुद्र दोनदा ओलांडून, जगातील श्रेष्ठ पदव्या घेऊन आलेल्या दुसऱ्या विद्यार्थ्यास याच गावात देवळाची पायरी चढता आली नाही. पहिल्याचा दोष धुण्याजोगा मानला गेला. दुसऱ्याचा तर दोषच नव्हता. तरीही तो न धुता येण्याजोगा मानला गेला. ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक संमेलनात हे बोलणे काहींस रुचणार नाही, हे मला ठाऊक आहे. परंतु ज्ञातीने आपल्या विद्यार्थ्यांसाठी काही करावे, असे मी थोड्या वेळाने म्हणणार आहे. ते म्हणण्यापूर्वी ज्ञातीच्या जमाखर्चाची ही बाजू वाचून दाखविणे मला प्रामाणिकपणाचे वाटते.

कवळाण्याच्या सयाजीरावांनी, पारशी भथेनांनी, गांधींच्या त्या अनामिक स्नेह्याने मदत केली, तेव्हा समोरचा आपल्या ज्ञातीचा आहे काय, हे पाहिले नाही.

आता व्यवहाराकडे वळतो. पूर्वी ज्ञातीचा दंड सव्वा रुपया होता. आज दंड बँकेचा आहे. शैक्षणिक कर्जाच्या प्रचलित नमुना योजनेत साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जास स्थावर तारण लागत नाही, त्यावर लागते. आमच्या शेतकरी बांधवांची अडचण येथे होते. द्राक्षबाग कितीही उत्तम असो, शेतजमीन या कामी बँका बहुधा तारण घेत नाहीत. घर, सदनिका किंवा मुदत ठेव मागतात. मग वडिलांनी आयुष्यभर हप्ते भरून सोडविलेले घर पुन्हा गहाण पडते. अभ्यासक्रम चालू असताना व त्यानंतर काही महिने हप्ता नसतो, हे खरे. परंतु व्याज थांबत नाही, ते मुद्दलावर चढत राहते. ‘अजून हप्ता सुरू झालेला नाही’ या समाधानात काही घरे दोन वर्षे निश्चिंत असतात आणि तिसऱ्या वर्षी आकडा पाहून दचकतात. जमेल त्यांनी निदान व्याज तरी दरमहा भरीत जावे.

जर्मनीतील बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क नाही, असे ऐकून अनेक जण तिकडे वळतात. ते बरोबर आहे; बाडेन-व्युर्टेम्बर्ग या प्रांताने मात्र २०१७ पासून युरोपीय संघाबाहेरील विद्यार्थ्यांकडून सहामाहीस पंधराशे युरो घेण्यास आरंभ केला. तथापि ‘फुकट’ या शब्दाने फसू नये. परवान्यापूर्वी वर्षभराच्या निर्वाहाची रक्कम गोठवलेल्या खात्यात भरावी लागते. सप्टेंबर २०२४ पासून ती ११,९०४ युरो ठरली; त्या वेळच्या दराने आपल्या रुपयांत दहा ते बारा लाखांच्या घरात. तेथे गेल्यावर विद्यार्थ्यास त्यातून दरमहा ९९२ युरो मिळतात. म्हणजे पैसा त्याचाच, त्याच्याच उपयोगाचा. परंतु आरंभी एकरकमी उभा करता आला पाहिजे. हुशार मुलगा या एका पायरीवर अडतो.

नियम वर्षावर्षाला बदलतात. ब्रिटनने जानेवारी २०२४ पासून अध्यापनप्रधान पदव्युत्तर अभ्यासक्रमास येणाऱ्या विद्यार्थ्यांना पती, पत्नी वा मुले सोबत आणण्यास मनाई केली. कॅनडाने त्याच महिन्यात विद्यार्थी-परवान्यांवर मर्यादा घातली. शेजारच्याचा मुलगा तीन वर्षांपूर्वी गेला, त्याचे असे झाले, या भरवशावर आपला निर्णय करू नये. त्या त्या सरकारच्या अधिकृत सूचना स्वतः वाचाव्यात. वैद्यकीय शिक्षणास जाणाऱ्यांनी तर राष्ट्रीय वैद्यक आयोगाचे २०२१ चे विनियम समोर ठेवल्याशिवाय एक पैसा भरू नये. अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा, इंग्रजी माध्यमातला असावा, त्यानंतर बारा महिन्यांची उमेदवारी असावी, इत्यादी अटी त्यात आहेत. त्या पुऱ्या न करणारी पदवी येथे कागदच ठरते. २०२२ साली युक्रेनमध्ये युद्ध पेटले तेव्हा हजारो भारतीय मुले तळघरांत बसून होती. त्यांत महाराष्ट्रातलीही होती. तेथे इतकी मुले का गेली होती, याचे उत्तर येथील खासगी महाविद्यालयांच्या शुल्कात आहे.

आणि सल्लागार! कॉलेज रोडवर व गंगापूर रोडवर परदेशी शिक्षणाच्या पाट्यांची दाटी झाली आहे. त्यांत प्रामाणिक माणसे आहेत, नाहीत असे मी म्हणत नाही. परंतु ‘आमचा सल्ला विनामूल्य’ असे जेथे लिहिलेले असते, तेथे त्याचे मूल्य कोण देतो, हा प्रश्न पालकाने विचारलाच पाहिजे. बहुधा ते विद्यापीठ देते, आणि मग सल्ला त्याच विद्यापीठाच्या दिशेने झुकतो. २०२३ साली कॅनडात शेकडो भारतीय विद्यार्थ्यांवर, बहुतांशी पंजाबातील, देश सोडण्याची वेळ आली. कारण दलालांनी दिलेली त्यांची प्रवेशपत्रेच बनावट निघाली. मुलांनी लबाडी केली नव्हती. कागद दुसऱ्याच्या हाती सोपविले होते. प्रवेशपत्र आले की ते दलालास न विचारता थेट विद्यापीठाकडून पडताळून घ्यावे. एका पत्राचे काम आहे.

भगिनींसाठी एक उदाहरण सांगावयाचे राहिले. इरावती कर्वे यांनी बर्लिनमध्ये मानवशास्त्राचा अभ्यास करून १९३० च्या सुमारास डॉक्टरेट मिळविली. त्यांच्या जाण्यास त्यांचे सासरे अनुकूल नव्हते. आणि सासरे कोण, तर स्त्रीशिक्षणासाठी देह झिजविणारे महर्षी धोंडो केशव कर्वे! पती दिनकरराव पाठीशी उभे राहिले, एका स्नेह्याकडून कर्ज घेतले आणि त्या गेल्या. थोर सुधारकाच्या घरातही स्वतःच्या सुनेची गोष्ट आली की विचार थबकतो. तेव्हा आपल्या घरात तो थबकला तर नवल नाही; तो तेथेच बसून राहू नये, एवढेच. आपल्या स्मरणिकेच्या वधूवर-सूचीत ‘मुलगा परदेशी उच्चशिक्षित’ ही ओळ ठळक छापली जाते, हे आपण पाहतोच. मुलीच्या नावापुढे तीच ओळ आली की ‘आता इतका शिकलेला जावई कुठून आणावा?’ असा उसासा ऐकू येतो. हा उसासा बंद करण्यास मंडळास निधी लागणार नाही.

निधीचेच बोलतो आता. जमशेटजी टाटा यांनी १८९२ साली उच्च शिक्षणासाठी परदेशी जाणाऱ्यांकरिता एक निधी उभारला. दान म्हणून पैसे वाटण्याऐवजी त्यांनी कर्जाऊ शिष्यवृत्ती ठेवली: शिकावे, कमवावे, परत करावे, म्हणजे तोच पैसा पुढच्याच्या उपयोगी पडतो. घेणाऱ्यास मिंधेपणा नाही आणि निधीस अंत नाही. आपले जयंत नारळीकर १९५७ साली केंब्रिजला गेले ते याच शिष्यवृत्तीवर. पुढे परत येऊन त्यांनी पुण्यात आयुका ही संस्था उभी केली. केरळातील एका दरिद्री दलित कुटुंबातील के. आर. नारायणन १९४५ साली याच साहाय्याने लंडनला शिकावयास गेले आणि १९९७ साली भारताचे राष्ट्रपती झाले.

हा निधी आरंभी केवळ पारशी विद्यार्थ्यांकरिता होता. दोनच वर्षांनी, १८९४ साली, तो सर्व भारतीयांस खुला करण्यात आला. ते दार उघडले नसते तर नारळीकर आणि नारायणन ही दोन नावे मला आज घेता आली नसती.

आपले मंडळ परदेशी प्रवेश मिळविणाऱ्या मुलामुलींचा दरवर्षी शाल-श्रीफळ देऊन सत्कार करते. ते करावे, आईवडिलांच्या डोळ्यांत पाणी येते, त्याचेही मोल आहे. पण सत्काराच्या दुसऱ्या दिवशी त्या घरी गोठवलेल्या खात्याची रक्कम कोठून आणावी याची चर्चा चालू असते, आणि तेथे आपण कोणीच नसतो. माझी सूचना अशी की मंडळाने कर्जाऊ निधी काढावा. संपूर्ण शिक्षणाचा भार तो उचलू शकणार नाही आणि तसा आवही आणू नये. परवान्यापूर्वीची एकरकमी रक्कम, पहिले भाडे, पहिले विमानाचे तिकीट, या अडणाऱ्या पायरीपुरती ती बिनव्याजी मदत असावी. नोकरी लागल्यापासून ठरलेल्या मुदतीत ती परत यावी. ज्ञातीतील एखादे वकील आणि एखादे बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ यांनी प्रत्येक विद्यार्थ्याचे करारपत्र व प्रवेशपत्र वाचून द्यावे. आपल्यात अशी माणसे भरपूर आहेत आणि दुपारी ती मोकळी असतात. ज्यांची मुले गेली त्या वृद्ध आईबापांकडे आठवड्यातून एकदा कोणी जाऊन यावे, हेही त्याच समितीकडे असावे. गांधी विलायतेत असताना त्यांची आई वारली. ती बातमी त्यांना मायदेशी परतल्यावर कळली. आज बातमी क्षणात पोहोचते. पण दवाखान्यात रात्री सोबत बसणारा माणूस अजून शेजारूनच यावा लागतो.

निधीची आरंभीची रक्कम किती असावी, परतफेडीची मुदत काय, न फेडणाऱ्याचे काय करावे, हे कार्यकारिणीने ठरवावे. हिशेब दरवर्षी याच स्मरणिकेत छापावा, कर्ज घेणाऱ्याचे नाव मात्र छापू नये. उरला एकच मुद्दा, आणि तो कार्यकारिणीने परस्पर न ठरविता आपणा सर्वांपुढे आणावा अशी माझी विनंती आहे. अर्जाच्या नमुन्यात ‘ज्ञाती’ हा रकाना आरंभी राहणार, हे मी समजू शकतो. पैसा आपल्या घरांतून येणार आहे. टाटांनी तो दोन वर्षांत काढला. आपण तो किती वर्षांनी काढावयाचा, याची तारीख निधीच्या घटनेत पहिल्याच दिवशी लिहून ठेवावी, असे मी सुचवितो. उद्या सकाळच्या सर्वसाधारण सभेत हा विषय घेण्यास अध्यक्षांनी अनुमती दिली आहे. मसुद्याच्या प्रती दाराशी ठेवल्या आहेत.